दगड, अर्धवट, तयार

६ जानेवारी, सोमवार

आज परत केक बसले! बाराच्या बारा. भट्टीतून काढले तेव्हा मध्ये खड्डे, आणि कापून बघितलं तर आत चिकट ओला थर. भट्टीवाल्या काकांनी ट्रेकडे बघून नुसतं नाक ओढलं. बेकरीचे मालक मात्र बोलले – "वहिनी, मास्तरांच्या हातचा केक असा कधी बसला नव्हता हो." मास्तरांच्या हाताचं मला काय सांगता! त्या हाताबरोबर सत्तावीस वर्षं संसार केलाय मी.

चूक माझीच. थंडीने बटर विटेसारखं झालेलं. साडेपाच वाजून गेले, मिक्सर रिकामा फिरतोय. म्हणून भट्टीच्या कडेला ठेवलं – पाचच मिनिटं! बाहेरून तेल झालं आणि आत गोळा तसाच. तेच साखरेत ढकललं. मग काय होणार?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण खूप दिवसांनी नीट बोलले. "अगं, बटर वितळवायचं नसतं, मऊ करायचं असतं. मऊ असेल तर साखरेबरोबर फेटताना हवा धरतं. वितळलं की मेलं ते. परत फ्रीजमध्ये टाकलंस तरी पहिल्यासारखं होत नाही." कसं दाबून बघायचं ते दाखवायला उजवा अंगठा वर केला, आणि तसेच अंगठ्याकडे बघत बसले. मग हात पांघरुणात घेतला.

नोव्हेंबरात झटका आला तेव्हा सगळी उजवी बाजू गेली होती. ताकद आली बरीच. चालतात, बघून बघून बटणं लावतात, चमचा धरतात. पण त्या हाताला कळत काही नाही. गार नाही, गरम नाही, मऊ नाही. डोळे मिटले की हात आहे का नाही तेसुद्धा कळत नाही म्हणतात.


८ जानेवारी, बुधवार

जमलं!! काकांना काल सांगून आले होते – संध्याकाळी बंद करताना बटर बाहेर काढा, भट्टीपासून लांब, खिडकीखालच्या दगडी ओट्यावर. सकाळी अंगठा दाबला. खळगा पडला, पडला तसा राहिला, अंगठ्याला तेल नाही. केक असे वर आले की काका म्हणाले, "आज मास्तर येऊन गेले वाटतं." मी एकटीच हसत होते वेड्यासारखी.

मालकांनी मुदत मात्र सांगून टाकली. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपर्यंत ह्यांची जागा धरून ठेवणार. तोवर मी रेटायचं. ह्यांना सांगितलं तर भिंतीकडे तोंड केलं.


१० जानेवारी, शुक्रवार

व्यायामवाली पोरगी आली होती. दर शुक्रवारी येते. गोड आहे, पण बोलते स्पष्ट. "ताकद आली काका, जाणीव यायची आहे. येईल, नाहीतर नाहीही येणार. हाताला रोज ओळखीच्या वस्तू द्या. कापूस, वाळू, काहीही. डोळे मिटून ओळखायचं." हे म्हणाले, "कापूस? मी काय गादीवाला आहे?" मग तीच म्हणाली, तुमच्या कामातलं काय? मी म्हटलं, बटर!

तर ठरलं असं. रोज चारच्या चहानंतर तीन बश्या. एकीत फ्रीजमधून आत्ता काढलेलं. एकीत तासाभरापूर्वीचं. एकीत दुपारीच बाहेर ठेवलेलं, फेटायला योग्य. ह्यांचे शब्द ठरलेले आहेत, सत्तावीस वर्षं ऐकतेय – दगड, अर्धवट, तयार. डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, मी बश्यांची जागा बदलायची, ह्यांनी अंगठा दाबून सांगायचं.


११ जानेवारी, शनिवार

तिन्ही चूक. दगडाला तयार म्हणाले.


१२ जानेवारी, रविवार

तिन्ही चूक. बशी फेकली. बटर पडद्याला चिकटलं, ते मी खरवडत बसले. जेवले नाहीत. "पिशवीतल्या आणि बाटलीतल्या दुधातला फरक मला सांगता येतो अंधारात, बोटाने – यायचा," म्हणाले.


१३ जानेवारी, सोमवार

नको म्हणाले. दिवसभर पांघरूण डोक्यावर.


१४ जानेवारी, मंगळवार

काय केलं मी हे!

आज कसेबसे बसवले. कालपासून पोटात चहाशिवाय काही नाही. टॉवेल बांधला, बशी पुढे सरकवली. फ्रीजमधून काढलेलं होतं, खडखडीत. अंगठा त्यावर ठेवला, खूप वेळ. मग हळूच, पोराने बाईंना विचारावं तसं म्हणाले – "तयार?"

आणि मी म्हणाले, "बरोबर!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्यांचं तोंड असं उघडंच राहिलं. "खरंच?" हो म्हटलं. "खरंच गं?" अहो हो! मग पुढच्या दोन्हीही बरोबर करून टाकल्या. एक केली तर दोनांनी काय घोडं मारलंय.

टॉवेल सोडायच्या आत बश्या उचलल्या आणि ओट्याशी जाऊन बटर डब्यात ढकललं. नाहीतर दिसलं असतं ना – तयार बटरवर खळगा पडतो, दगडावर काही पडत नाही.

संध्याकाळी ताट स्वच्छ केलं त्यांनी. परत मागून घेतलं.


१५ जानेवारी, बुधवार

आज दोन बरोबर, एक चूक सांगितली. सगळं बरोबर सांगितलं तर संशय येईल. बघा, आता डोकंही चालायला लागलं माझं यात.


१७ जानेवारी, शुक्रवार

व्यायामवालीला ह्यांनी दारातूनच सांगितलं – "आता तुझी गरज नाही पोरी, घरीच सगळं बरोबर येतंय." तिने सुई काढून तपासते म्हटलं तर हे म्हणाले, "सुईचं काय घेऊन बसलीस, मी बटर ओळखतोय!" ती माझ्याकडे बघायला लागली. मी चहाचे कप उचलून आत गेले.

जिना उतरल्यावर तिने फोन केला मला. "काकू, खात्री आहे ना? ज्याला माहीत असतं की हाताला कळत नाही, तो डोळ्यांनी बघून काम करतो. त्याला धोका कमी. ज्याला वाटतं की कळतंय आणि कळत नसतं, तो भाजून घेतो. काका भट्टीजवळ जाणार आहेत." मी म्हटलं, खात्री आहे.

काय घाई होती मला हो म्हणायची? तेव्हाच सांगितलं असतं तर निदान एक माणूस तरी असतं या खोट्यात माझ्याबरोबर.


१९ जानेवारी, रविवार

लेकीचा फोन. "आई, बाबांचा आवाज किती बदललाय! तू काय जादू केलीस?" जादू! चार महिन्यांची पोटुशी आहे, तिला काय सांगू. थंडीत सांभाळून राहा म्हटलं.

हल्ली बश्यांकडे मी बघतही नाही. कुठली कुठे आहे ते मलाच आठवत नाही. उत्तर ठरलेलं आहे तर बघायचं कशाला? खिडकीबाहेर बघत बसते आणि "बरोबर" म्हणते.


२१ जानेवारी, मंगळवार

आणखी एक गोष्ट आहे. ती इथेच लिहीन, दुसरीकडे कुठे नाही.

मला ते काम आवडायला लागलंय. सकाळी सगळे यायच्या आत बटरवर अंगठा ठेवायचा, आणि ते हो म्हणतं का नाही ते बघायचं. साखर घातल्यावर ते पिवळ्याचं पांढरं होत जातं, फुलत जातं, आणि ते माझ्या हातून होतं. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला विचारतंय, "वहिनी, हे बघता का जरा?" काका काल म्हणाले, "मास्तरांपेक्षा तुमचा हात हलका आहे." मी त्यांना गप्प बसवलं. पण येताना सगळ्या रस्ताभर तेच घोळवत होते मनात. लाज वाटली मग.


२२ जानेवारी, बुधवार

डिसेंबरातलं आठवलं. मी पहिल्यांदा कामावर निघाले तेव्हा हे म्हणाले होते – "जा. माझी जागा हवीच होती तुला." त्राग्यात बोलले असं मी धरून चालले. पण बोलले तर होते.

आता मी सांगायला गेले की हाताला काही कळत नाही तुमच्या – तर काय वाटेल त्यांना? हेच! की हिला जागा सोडवत नाही, म्हणून हात मारून टाकतेय माझा. आणि जागा सोडवत नाहीये हे खोटं तरी कुठाय? खरं बोलायचं तर मीच लबाड ठरणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!


२४ जानेवारी, शुक्रवार

मी घरी यायच्या आत ह्यांनी मालकांना फोन केला होता – "तीन तारखेला, सोमवारी येतो. हात आला." मालक खूश. आता माझ्यापुढे पेढे ठेवायचेच काय ते बाकी.

हे स्वतः दाढी करून बसले होते. डाव्या हाताने, गालावर दोन ठिकाणी कापलेलं. मला म्हणाले, "तू आता आराम कर. फार ओढलंस." आणि पाठीवरून हात फिरवला. उजवा. त्यांना माझी पाठ लागत होती का ब्लाउजचं कापड का काहीच नाही, देव जाणे. मी मात्र रडले. त्यांना वाटलं आनंदाने.


२५ जानेवारी, शनिवार

मालकांना बाजूला घेऊन म्हटलं, भट्टीचं काम काकांकडेच राहू द्या, ह्यांना नुसतं फेटायला द्या. मालक म्हणाले, "वहिनी, मास्तर तीस वर्षं भट्टीत हात घालतायत. तुम्ही नका काळजी करू." काका ऐकत होते. दुपारी निघताना नुसतं म्हणाले, "मी असेन जवळ." म्हणजे त्यांना कळलंय काहीतरी. की चोराच्या मनात चांदणं?


२७ जानेवारी, सोमवार

आठ दिवस राहिले. सात. सांगते उद्या.


२८ जानेवारी, मंगळवार

नाही सांगितलं. ते कपाट उघडून कामाचे सदरे बघत होते, कुठला सैल होतोय, कुठला नाही. एवढ्या उत्साहात माणूस असताना कुठल्या तोंडाने सांगायचं.


३० जानेवारी, गुरुवार

कामावरून आले तर घरात जळकट वास. चहाचं पातेलं ओट्यावर आडवं, चहा जमिनीवर. हे खुर्चीत. "घसरलं जरा," म्हणाले. मी पुसून काढलं. मग वाढताना त्यांचा हात दिसला. तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी, केवढा फोड! पाणी भरलेला, रुपयाएवढा. सांडशी न घेता पातेलं उचललं असणार त्यांनी, उजव्या हाताने.

"अहो, हे काय!"

त्यांनी हात उलटा करून बघितला. त्यांना माहीतच नव्हतं! माझ्याआधी त्यांनी बघितलाच नव्हता तो फोड. बघत राहिले. मग बोट लावलं त्याला, डाव्या हाताचं. दाबलं. अजून दाबलं. मी हात ओढून घेतला.

"कळलं होतं मला," म्हणाले. "भाजलं तेव्हा कळलं होतं. विसरलो."

मी मलम लावलं. तीच वेळ होती. तोंड उघडलं असतं तर सांगून झालं असतं. पण "कळलं होतं" म्हणाल्यावर कसं सांगायचं, नव्हतं कळलं तुम्हाला म्हणून?


३१ जानेवारी, शुक्रवार

चार वाजता स्वतःच टॉवेल घेऊन बसले. मी बश्या मांडल्या, "बरोबर, बरोबर" म्हणून मोकळी झाले. टॉवेल सोडताना विचारलं त्यांनी – "अगं, परवाही तिन्ही बरोबर होत्या ना?"

"हो."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी?"

"दोन होत्या. एक चुकली होती."

"कुठली?"

मला सांगता येईना! आठवणार कसं, मी बघितलं तर होतं का! म्हटलं, अर्धवटची. त्यांनी मान हलवली. टॉवेलची घडी घातली, दोनदा, तीनदा, कोपऱ्याला कोपरा जुळवून.


१ फेब्रुवारी, शनिवार

आज कामावरचा माझा शेवटचा दिवस. शेवटचं बटर. दाबलं, खळगा पडला. काकांनी निरोपाला एक छोटा केक भाजून दिला, मालक म्हणाले, "येत जा अधूनमधून." येत जा! पाहुणी म्हणून.

रस्त्यात पक्कं ठरवलं. उद्या रविवार. दोघंच असू घरात. बश्यांचं तेवढं होऊ दे, मग टॉवेल सोडायच्या आतच सांगते. डोळे बांधलेले असताना सांगणं सोपं जाईल मला. काय म्हणायचं ते म्हणू देत. जागा हवी होती तुला म्हणू देत, मला हसत होतीस म्हणू देत, घरातून जा म्हणू देत. हात भट्टीत जाण्यापेक्षा ते बरं. व्यायामवालीला परत बोलवीन, पाया पडेन तिच्या. मालकांना म्हणेन, बसून करायचं काही काम द्या ह्यांना. डोळ्यांनी करायचं. क्रीमची फुलं तर डोळ्यांनीच होतात!

इतके दिवस का नाही सुचलं हे? सांगितलं असतं तर रस्ता निघाला असता. मी आपली बरोबर, बरोबर करत बसले.

उद्या नक्की.


२ फेब्रुवारी, रविवार

दोन बश्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. चारच्या आधी पाच मिनिटं गच्चीवर गेले, कपडे काढायला. आले तर हे टॉवेल बांधून तयार. तिसरी बशी फ्रीजमधून काढली, पुढे मांडली. मनात एकच – एवढं झालं की सांगायचं.

"पहिली दगड. दुसरी अर्धवट. तिसरी तयार."

सवय! सवयीने तोंडातून गेलं – "तिन्ही बरोबर!"

आणि सवयीनेच बश्या उचलून ओट्याशी गेले, चमचा घातला. चमचा आत जाईना. पहिलीत नाही, दुसरीत नाही, तिसरीत नाही. तिन्ही दगड. अंगठ्याची खूण एकीवरही नाही. फ्रीज उघडला. मी मऊ व्हायला ठेवलेले दोन्ही तुकडे आत होते, दुधामागे. मी गच्चीवर असताना डाव्या हाताने बदलले त्यांनी.

मी वळले. टॉवेल तसाच बांधलेला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"उद्या तूच जा," म्हणाले.